मालेगावचा काढा आणि साबणाचं झाड

"काढा घेतला म्हणून मालेगाव तरलं, मग लस कशाला?" नाशिकमध्ये राहत असाल तर हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, फॅमिली ग्रुपवर. मी वनस्पतींमधल्या रसायनांवर पीएचडी करतेय हे कळलं की समोरचे काका हमखास हा विषय काढतात आणि मी मान डोलवावी म्हणून थांबतात. तुझा विषयच झाडपाल्याचा, तू तरी हो म्हण! तर आज याच वाक्याची चिरफाड करू.

आधी काय घडलं ते. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि बघता बघता शहर राज्यातल्या मोठ्या हॉटस्पॉटपैकी एक झालं. यंत्रमागांचं गाव, दाटीवाटीची वस्ती, एकेका खोलीत सात-आठ माणसं. जूनपर्यंत मात्र आकडे खाली आले. त्याच काळात मन्सुरा इथल्या युनानी कॉलेजचा काढा गावभर वाटला जात होता. पुढे त्याची पाकिटं मालेगावच्या बाहेरही पोचली. दुसऱ्या लाटेत नाशिक शहरात बेडसाठी रांगा लागल्या, तेव्हा मालेगाव तुलनेने शांत होतं. लसीकरणात मात्र ते बरंच मागे राहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर मुस्लिमबहुल वस्त्यांमधली लसीबद्दलची नाखुशी घालवायला सलमान खानची मदत घेऊ, असं आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते. मग २०२२ च्या सुरुवातीला म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाने मालेगावचा अभ्यास करायचं ठरवलं आणि ते बातम्यांमध्ये 'मालेगाव मॅजिक' म्हणून गाजलं.

अभ्यास व्हायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण त्या 'मॅजिक' शब्दाशी आहे. उत्तर मिळायच्या आधीच तो उत्तर देऊन मोकळा होतो.

काढ्याने रुग्ण कमी झाले असं म्हणायचं, तर तुलनेला काढा न घेतलेली, पण बाकी सगळ्या बाबतीत तशीच माणसं लागतात. मालेगावात काढा सरसकट वाटला गेला. कोणी किती दिवस घेतला, कोणी पाकीट तसंच फडताळात ठेवलं, हे मागाहून कसं शोधणार? मग तशीच दाट वस्ती असलेली दुसरी जागा बघावी लागते. मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांच्या. म्हणजे दाट वस्तीत विषाणू पहिल्याच फेरीत अर्ध्याहून जास्त लोकांना गाठून गेला होता. धारावीतले आकडेही त्याच सुमारास उतरले. मालेगावात यापेक्षा वेगळं काही घडलं असं मानायला कारण दिसत नाही. त्यात तिथली लोकसंख्या तरुण, आणि तरुणांमध्ये या आजाराने मरण्याचं प्रमाण कमीच.

या प्रतिकारशक्तीची किंमत कोणी मोजली, हा भाग गोष्टीतून गळतो. एप्रिल २०२० मध्ये मालेगावच्या कब्रस्तानांत आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी जास्त दफनं झाल्याच्या बातम्या तेव्हाच छापून आल्या होत्या. त्यातले थोडेच मृत्यू कोरोनाच्या सरकारी यादीत होते. खासगी दवाखाने बंद, त्यामुळे हृदयविकाराचे, मधुमेहाचे पेशंटही घरातच गेले. मालेगाव 'तरलं' म्हणताना आपण या माणसांना हिशोबातूनच वगळतो. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे, केमिस्ट्री नंतर.

आणि मालेगावला हसणाऱ्या आपल्या कॉलेज रोडवाल्यांनीही जरा थांबावं. आयुष मंत्रालयाचा काढा तुम्हीही प्यायलात ना? तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. हकिमाने दिला की अंधश्रद्धा आणि डब्यावर सरकारी शिक्का असला की आपली परंपरा, हे कुठलं विज्ञान? चाचणी दोघांनाही सारखीच लागते.

गुळवेलीचं उदाहरण घ्या. कडुलिंबावर चढलेली गुळवेल उत्तम म्हणतात. त्या दोन वर्षांत लोकांनी ती कुंपणावरून ओरबाडून रोज उकळून घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा. मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही; तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही असतात. आक्षेप अगदी बरोबर आहे, मीही तोच घेतला असता! पण मग हाच प्रश्न गुळवेलीची पावडर विकणाऱ्याला का नाही विचारायचा? फायदा झाला की 'गुळवेल', अपाय झाला की 'ती गुळवेलच नव्हती', असं कसं चालेल? पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास छापला, तेव्हा हा विषय इतक्या सहज झटकण्यासारखा राहिला नाही.

आता काकांनी न विचारलेला, पण मला सांगायचाच असलेला भाग. 'झाडपाला की लस' ही वाटणीच खोटी आहे. चिलीमध्ये क्विलाया नावाचं झाड होतं. त्याची साल पाण्यात घुसळली की रिठ्यासारखा फेस येतो, म्हणून त्याला साबणाचं झाड म्हणतात. फेस आणणाऱ्या या रसायनांना सॅपोनिन म्हणतात आणि माझं संशोधन याच कुळावर चालतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्होव्हॅक्स लसीत याच सालीतली सॅपोनिन आहेत. मलेरियावरच्या ज्या आर-२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, तीही सीरमच बनवते आणि तिच्यातही तीच आहेत. त्यांचं काम शरीराच्या संरक्षण यंत्रणेला हलवून जागं करायचं, म्हणजे लसीतल्या प्रथिनाकडे तिचं नीट लक्ष जातं.

मग सालीचा काढाच का टोचत नाहीत? कारण सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. जो गुण साबणाचा, तोच रक्तात गेला की विषाचा. म्हणून सालीचा अर्क यंत्रातून घालून एकेक घटक सुटा केला गेला. त्यातल्या एका प्रसिद्ध घटकाचं नाव क्यूएस-२१ आहे, कारण वेगळे करताना तो एकविसावा निघाला होता. कोव्होव्हॅक्समध्ये ही सॅपोनिन कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडबरोबर बांधून सूक्ष्म पिंजऱ्यासारखे कण केले जातात, म्हणजे ती मोकाट सुटत नाहीत. मग मात्रा ठरली, मग हजारो माणसांवर चाचण्या झाल्या. झाडापासून औषधापर्यंतचा रस्ता असा कंटाळवाणा असतो. मन्सुरा काढ्यात काही खरंच उपयोगी असेल, तर त्यालाही याच रस्त्याने जावं लागेल. त्याला 'मॅजिक' म्हणून वाटेतच हार घालणं म्हणजे त्याची वाट अडवणंच झालं.

लोकांनी काढा घेतला आणि लस नाकारली, याचं कारण मात्र केमिस्ट्रीत शोधू नका. काढा देणारा हकीम गल्लीतला, ओळखीचा होता. सर्व्हे करायला येणारा सरकारी माणूस सीएए-एनआरसीच्या आंदोलनानंतर काही आठवड्यांतच दारात उभा होता. मालेगावात पोलिओच्या थेंबांनाही असाच विरोध झाला होता, मूल होणार नाही या भीतीने. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर ही भीती हवेतून आली असं कोण म्हणेल? नुसतं 'अडाणी' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ही लस-नाखुशी कधी समजूनच घेतली नाही.

पण विषाणूला आपल्या भीतीचा इतिहास माहीत नसतो. २०२२ च्या अखेरीला गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. गोवर हा कोरोनासारखा तरुणांना सोडून देणारा आजार नाही, तो लहान मुलांनाच धरतो. लस नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, म्हणून साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात, मालेगावात आणि कॉलेज रोडलाही.