ॲन्ड्रॉइडच्या आवृत्त्या

एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली म्हणजे परीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. मागील आवृत्तीतील दोष दूर झाले आहेत काय? जी नवी भर घातली आहे ती वाचकाच्या उपयोगाची आहे काय? आणि काय बदलले व का बदलले, हे ग्रंथकर्त्याने प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे काय? या तिहींच्या मागे एक गोष्ट आपण न बोलताच गृहीत धरलेली असते. ती ही की, नवी आवृत्ती कितीही सरस असली तरी जुनी आपल्या कपाटातून कोणी उचलून नेत नाही. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली व दुसरी १८५७ साली. आज ज्याला हौस आहे त्याने दोन्ही समोर ठेवून खुशाल ताडून पाहाव्यात. कोणतीही एक उघडली म्हणून दुसरी मिटत नाही.

याच कसोट्या अगदी निराळ्या जातीच्या एका वस्तूला लावून पाहाव्यात असे पुष्कळ दिवस मनात होते. ही वस्तू म्हणजे आपल्या खिशातील मोबाईल फोन ज्या यंत्रणेवर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम. फोनातील सर्व व्यवहारांची ती कारभारीण होय. पडद्यावर अक्षर कसे उमटावे, कोणत्या ॲपला कोणत्या खोलीत शिरू द्यावे, बोट कोठे टेकले असता काय घडावे, हे सर्व तीच ठरविते. आपल्या देशातील बहुसंख्य फोन ॲन्ड्रॉइड या यंत्रणेवर चालतात, म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिचेच आहे. साहित्याच्या अध्यापकाने हा विषय का घ्यावा, अशी शंका कोणी काढील. परंतु ज्या पडद्यावर आज मराठी माणसाचे बहुतेक वाचन व जवळजवळ सर्व लेखन होते, त्याच्याकडे साहित्याच्या परीक्षकाने पाठ फिरविणे म्हणजे छापखान्याचा शोध लागला असता बोरू टोकीत बसण्यासारखेच आहे.

एक योगायोग प्रथम सांगतो. ॲन्ड्रॉइड हे नाव ज्या अक्षराने सुरू होते ते 'ॲ' हे अक्षर जगातील सर्व लिप्यांच्या संगणकीय वर्णमालेत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ सालच्या एप्रिलात ५.१ या आवृत्तीने दाखल झाले. देवनागरी त्या वर्णमालेत १९९१ पासूनच होती. पण मराठीला लागणारे हे अक्षर स्वतंत्रपणे तीत नव्हते. आणि ॲन्ड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत जाहीर झाला तोही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. यंत्रणा आणि तिचे नाव मराठीत नीट लिहिण्याचे साधन ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये. तरीही त्यांची भेट व्हावयास पुढे कित्येक वर्षे लागली.

आरंभीच्या आवृत्त्यांना मिठायांची नावे दिलेली होती. २००९ सालची १.५ ही 'कपकेक', त्याच वर्षीची १.६ ही 'डोनट', २०१० सालची २.३ ही 'जिंजरब्रेड', अशी ती इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने पुढे चालली. २०१९ साली दहाव्या आवृत्तीपासून जाहीर व्यवहारातून ही नावे वगळण्यात आली. कारण असे सांगण्यात आले की, ती नावे सर्व देशांतील लोकांना कळत नाहीत, व काही भाषांत एल आणि आर या अक्षरांच्या उच्चारांत भेदच होत नाही. हे कारण मला रास्त वाटते. आमच्या गोंदियाच्या बाजारात 'मार्शमॅलो' म्हणजे काय हे विचारीत फिरण्याची पाळी कोणावर येऊ नये. ॲपलच्या फोनांच्या यंत्रणेने मात्र २०२५ साली अठरावरून एकदम सव्वीसावर उडी घेतली. क्रमांक वर्षाशी जुळावा हा हेतू. मधल्या सात आवृत्त्या कोठे गेल्या, हे एखाद्या ग्रंथसूचिकाराने शोधू लागू नये म्हणजे झाले.

आता पहिला प्रश्न: दोष दूर झाले काय? येथे उत्तर निःसंशय होकारार्थी द्यावे लागेल, आणि त्यातही मराठी वाचकाने कृतज्ञ असावयास हवे. पहिल्या काही आवृत्त्यांत देवनागरी मजकूर उघडला असता अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींच्या रांगा दिसत. ज्यांना निकडच असे ते ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरच्या पोटात शिरून एक कळ फिरवीत. मग मजकूर अक्षरांच्या ऐवजी चित्रांच्या रूपाने येई व कसाबसा वाचता येई. पुढे अक्षरे दिसू लागली, पण जोडाक्षरांचे पाय मोडलेले व ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे न येता पुढे पडलेली. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी उच्चाराने नंतरची, पण दिसण्यात आधीची. ही अदलाबदल करून अक्षर घडविणारा कारागीर यंत्रणेत असावा लागतो. हार्फबझ नावाच्या, सर्वांना मोफत खुल्या असलेल्या एका प्रणालीने ते काम केले. हे नाव फारसी असून त्यातील 'हार्फ' म्हणजे आपल्या परिचयाचा 'हर्फ', अक्षर. एका इराणी तंत्रज्ञाच्या, बेहदाद एस्फहबोद यांच्या, परिश्रमाचा तीत मोठा वाटा आहे. २०११ सालच्या ४.० या आवृत्तीच्या सुमारास देवनागरी फोनवर धड वाचता येऊ लागली. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद एका लहानशा रफारावर अवलंबून असतो. तो भेद राखला गेला नाही तर पंडिताच्या हाती झारा यावयाचा. हा झारा आता बहुधा योग्य हातीच राहतो.

खरी मजल २०१४ च्या नोव्हेंबरात ५.० या आवृत्तीने मारली. तीत ज्या नव्या भाषांची भर पडली त्यांत मराठी होती. म्हणजे फोनातील सर्व सूचना व याद्या मराठीत दिसू लागल्या. त्याच वर्षी आपली मोडी लिपीही युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली. फोनची भाषा मराठी केली असता घड्याळाचे आकडेही देवनागरी होतात. हिंदी केली तर ते बहुधा होत नाहीत. सुविहित टंक असेल तर 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही भाषेच्या निवडीनुसार येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली व पुन्हा २०२२ साली आपल्या वर्णमालेविषयी निर्णय काढले. त्यांतील वळणांचा आग्रह पाळण्याची शक्ती आता यंत्रात आहे.

दुसरा प्रश्न नव्या भरीचा. येथे मला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती भर शोभेची नाही, नीतीची आहे. पूर्वी ॲप घेतानाच आपल्याकडून सर्व परवानग्या एकदम मागितल्या जात. पत्ते, कॅमेरा, ध्वनिग्राहक, सर्व किल्ल्यांचा जुडगा उंबरठ्यावरच द्यावा लागे, नाही तर पाहुणा आत येतच नसे. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीने ही रीत मोडली व ज्या वेळी ज्या खोलीचे काम पडेल त्या वेळी विचारण्याचा नियम घातला. २०२० च्या अकराव्या आवृत्तीत 'केवळ या वेळेपुरती' परवानगी देता येऊ लागली. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत कॅमेरा अथवा ध्वनिग्राहक चालू असला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून सूचना पाठविण्यासाठीही ॲपला आधी विचारावे लागते, आणि निरनिराळ्या ॲपना निरनिराळी भाषा देता येते. या क्रमात एक विचार सुसंगतपणे वाढत गेलेला दिसतो, आणि ज्या कृतीत असा विचार वाढताना दिसतो तिच्या कर्त्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि येथे स्तुतीची शाई संपते.

नवी आवृत्ती फोनवर उतरते त्या वेळी जी प्रस्तावना येते ती बहुधा एका ओळीची असते: काही दोष दूर केले आहेत व कार्यक्षमता वाढविली आहे. कोणते दोष? कोणाची कार्यक्षमता? एखाद्या कोशकाराने अशी प्रस्तावना लिहिली असती तर आपण त्याला निर्लज्ज म्हटले असते. खेरीज फोन घडविणाऱ्या कंपन्या मूळ यंत्रणेवर आपापली सजावट चढवितात. तीत काय हलविले याचा हिशेब तर बहुधा कोठेच नसतो.

याचा परिणाम मी घरात पाहिला आहे. तिरोडा तालुक्यातील माझी एक मावशी ऐंशीच्या घरातील. पुण्याच्या नातवाशी बोलता यावे म्हणून तिने मोठ्या जिद्दीने फोन शिकून घेतला होता. तिचे सर्व ज्ञान स्थानावर उभे होते: खाली डावीकडचे चिन्ह म्हणजे मागे, मधले म्हणजे घर, वरचे हिरवे चित्र म्हणजे नातू. एका रात्री आवृत्ती उतरली आणि सकाळी खालची तिन्ही चिन्हे नाहीशी झाली. हिरवे चित्रही दुसऱ्या पानावर गेले. कोणत्या कंपनीचा फोन होता हे येथे अप्रस्तुत आहे. मी दिवाळीत गेलो तेव्हा फोन ट्रंकेत ठेवलेला होता. "मले आता काई येत नाई बाबू," एवढेच ती म्हणाली. फोन बिघडला असे ती म्हणाली नाही. आपणच बिघडलो अशी तिची समजूत झाली होती. जुनी चिन्हे परत आणण्याची सोय आत कोठेतरी होती, ती मी पाच मिनिटांत शोधून दिली. पण ते चार महिने तिला कोण परत देणार?

या आक्षेपाला एक सबळ उत्तर आहे, ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्रंथ कपाटात पडून असला तरी त्याच्या पानांतून चोर शिरत नाहीत, फोनात शिरतात. २०१५ साली स्टेजफ्राइट नावाने ओळखली गेलेली उणीव उघडकीस आली व केवळ एका संदेशाच्या मार्गाने फोन परक्याच्या हाती जाऊ शकतो हे दिसले. तेव्हापासून दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. जुनी आवृत्ती जशीच्या तशी जपण्याचा हट्ट येथे धोक्याचा आहे, हे मला मान्य आहे. परंतु घराची गळती बंद करणे वेगळे आणि गळती बंद करण्यास आलेल्या गवंड्याने स्वयंपाकघर माडीवर नेणे वेगळे. दोन्ही कामे एकाच गठ्ठ्यात बांधून देण्याचे काही कारण नाही. ती निराळी करता येतात हे याच यंत्रणेने सिद्ध केले आहे: २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून तिचे काही भाग संपूर्ण आवृत्ती न बदलता स्वतंत्रपणे दुरुस्त करता येतात, आणि त्याच आवृत्तीत बोटाच्या खुणांची नवी रीत आणतानाही जुन्या तीन चिन्हांचा पर्याय ठेवलेला होता. म्हणजे समज होती. ती पाळण्याची शिस्त अपुरी पडली.

दुसरा अन्याय याहून मुका आहे. ज्याला नवी आवृत्ती मिळत नाही त्याचा फोन धडधाकट असूनही हळूहळू वाळीत पडतो. व्हॉट्सॲपने १ नोव्हेंबर २०२१ पासून ४.१ च्या आधीच्या आवृत्त्यांची साथ सोडली. पुढे ती सीमा ५.० वर गेली. अलीकडे काही कंपन्यांनी महागड्या फोनांना सात वर्षे आवृत्त्या देण्याचे वचन दिले आहे. वचन स्तुत्य आहे. पण जो फोन देवरी वा सालेकसा येथील विद्यार्थी विकत घेतो तो महागडा नसतो. १९६२ साली मराठी लेखनाचे नियम बदलले व न उच्चारलेले अनुस्वार गेले. म्हणून अनुस्वारांनी भरलेली जुनी पुस्तके वाचनालयाबाहेर काढण्यात आली नाहीत.

राहता राहिली मराठीची गोष्ट. २०१५ साली मुंबईच्या आय. आय. टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'इंडस ओ. एस.' या नावाने देशी भाषांसाठी ॲन्ड्रॉइडवर आधारलेली यंत्रणा पुढे आणली. स्वतंत्र यंत्रणा म्हणून ती टिकली नाही. तिचे नाव आता २०२४ साली निघालेल्या एका ॲपबाजारात उरले आहे. मूळ यंत्रणेनेच मराठी दिल्यावर वेगळ्या यंत्रणेचे प्रयोजन कमी झाले, असे म्हणता येईल. पण दिलेली मराठी घेतली कोणी? माझ्या वर्गातील मुलांचे फोन बहुतेक इंग्रजीत असतात. कारण विचारले असता एकाने सांगितले, "सर, दुरुस्तीला नेला की दुकानदारच आधी इंग्रजी करतो, मराठीतली यादी त्यालाच समजत नाही." या उत्तरात फोनच्या मराठीचे खरे परीक्षण आले आहे. लोक 'परवानगी' म्हणत असता 'अनुमती' लिहावयाची, ही ती मराठी. झाडीबोलीत एखादे वाक्य लिहू जावे तर कळफलक शब्दागणिक तिला प्रमाण भाषेकडे ओढतो. आमच्या या पट्ट्यातील बोलीला तेथे अद्याप घर नाही.

एकंदरीत निर्णय असा: संशोधक म्हणून या आवृत्तिकारांना वरचा वर्ग द्यावा, संपादक म्हणून मात्र नापास करावे. अक्षरे त्यांनी नीट बसविली, दारांना कड्या लावल्या. परंतु वाचकाला विश्वासात घेऊन काय बदलले ते त्याच्या भाषेत सांगण्याचा जो संपादकाचा पहिला धर्म, तो त्यांनी पाळला नाही. मावशी आता फोन पुन्हा वापरते. मात्र पडद्यावर काही नवे आले की ती बोट लावीत नाही. शेजारच्या मुलाची वाट पाहते.