वजन बरोबर, निष्कर्ष चूक

नेट-सेट-पेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज चिकित्सा माझ्याच एका चाचणीची.

रोह्याच्या काकांकडे सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया आहे, साल १९३९. मुंबई टांकसाळीचा १९३९चा रुपया फार दुर्मिळ, १९३८चा मात्र सहज मिळतो. म्हणून किमतीत मोठी तफावत. काका म्हणाले, "तू सायन्सवाला, खरा आहे का बघ." मी तोलला: ११.६ ग्रॅम, प्रमाण वजन ११.६६. पाण्यात बुडवून घनता काढली: साधारण १०.३, म्हणजे ९१.७ टक्के चांदीला जुळणारी. सांगून टाकलं, "खरा आहे." त्या भरवशावर काकांनी घराचं छप्पर बदलायचा हिशेबसुद्धा मांडला.

आता माझी चूक बघा. वजन आणि घनता धातू सांगतात, साल नाही. १९३८चा रुपयाही त्याच वजनाचा, त्याच चांदीचा. म्हणजे दावा खोटा असता तरी माझे आकडे हेच आले असते! नंतर दहापट भिंगाखाली धरला, तर शेवटच्या आकड्याशी खरवडल्याच्या रेघा. नाण्यावरचे आकडे इंग्रजी आहेत. ८चं खालचं वेटोळं डावीकडे खरवडून उघडलं की ९ होतो. १९३९मध्ये आधीचा एक ९ असतोच, त्याच्याशी ताडून पाहिलं तर वळण वेगळं. नाणं अस्सल, साल बनावट.

शिवराईच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं वेगवेगळ्या वळणांची, वेगवेगळ्या शुद्धलेखनाची सापडतात, कारण ठसे हातानं कोरलेले आणि ठोकाही हातानं मारलेला. त्यामुळे अक्षर वेगळं दिसलं म्हणून नाणं खोटं ठरत नाही. खरी शंका घ्यायची ती दोन नाणी हुबेहूब निघाली तर. पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर लगेच कळेल: साच्यात एक खोट असली की ती प्रत्येक मूर्तीत उतरते. ओतीव नकली नाण्यांचंही तसंच. तोच ओरखडा, तीच तुटकी कड, शिवाय बारीक बुडबुडे आणि कडेला सांध्याची रेघ.

आणि अस्सल म्हणजे महाग, असंही नाही. शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. नाव शिवराई म्हणून ती शिवकाळातलीच असं ठरत नाही. किंमत प्रकार, दुर्मिळता आणि स्थितीवर ठरते. चिंचेनं घासून चकचकीत केलेलं तांब्याचं नाणं संग्राहकाच्या लेखी उतरतं. 'जुनं नाणं द्या, लाखो मिळवा' म्हणत आधी कमिशन मागणाऱ्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेनंच ४ ऑगस्ट २०२१ला इशारा दिला होता. असं शुल्क ती घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगतही नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये पद्धत लिहिण्याआधी एक ओळ लिहा: "माझं गृहीतक खोटं असेल, तर या चाचणीत वेगळं काय दिसेल?" उत्तर 'काहीच नाही' आलं, तर उपकरण कितीही महागडं असो, चाचणी बदला.

काकांना मी रोह्याला जाऊन समोर बसून सांगितलं. "मग आधी भिंग का नाही घेतलंस?" एवढंच ते म्हणाले. व्हायव्हात याहून अवघड प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.