'खोल' आणि 'किंचित' : पाणढेकणांच्या ओळख-सारणीची भाषा

कीटकशास्त्रातील ओळख-सारणीत एका विशेषणावर प्राण्याचे स्थान ठरत असते; म्हणून तिची भाषा तपासणे भाषाभ्यासकाला अप्रस्तुत वाटू नये. नॉकोरिडी कुलातील सरपटणारे पाणढेकूण हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय.

या कुलाची लक्षणे पुष्कळशी निश्चित आहेत. शरीर चपटे व लंबवर्तुळाकार. पुढच्या पायांच्या मांड्या भक्ष्य धरण्याजोग्या फुगीर. शृंगिका आखूड व डोळ्यांखाली दडलेल्या. पुढील पंखांच्या पातळ टोकाकडील भागात शिरा नाहीत. बेलोस्टोमॅटिडी कुलातील मोठ्या पाणढेकणांत त्या शिरा असतात. 'शिरा नाहीत' हे विधान एकच नमुना हाती असलेल्यासही पडताळता येते.

प्रजातीच्या पायरीवर मात्र भाषा सैल होते. अमेरिकेतील अँब्रिसस व पेलोकोरिस या प्रजाती वेगळ्या काढताना अग्रवक्षाच्या पृष्ठपटलाची पुढची कड पाहतात. दोन डोळ्यांच्या मधल्या भागामागे ती अँब्रिससमध्ये खोल अंतर्वक्र, तर पेलोकोरिसमध्ये सरळ किंवा किंचित अंतर्वक्र असते. 'खोल' आणि 'किंचित' ही विशेषणे सापेक्ष आहेत. दोन्ही नमुने शेजारी ठेवणाऱ्या तज्ज्ञाला ती पुरतात. परंतु सारणीची गरज ज्याला अधिक, तो नवशिका तेथेच अडतो. वक्रतेची खोली व डोळ्यांमधील अंतर यांचे प्रमाण दिल्यास, निदान सोबत रेखाकृती जोडल्यास, हा दोष बराचसा दूर होईल.

या काटेकोरपणाला व्यावहारिक महत्त्वही आहे. ला रिव्हर्स यांनी १९५३ मध्ये वर्णिलेली अँब्रिसस अमार्गोसस ही जाती नेवाडातील अॅश मेडोज येथील झऱ्यांत आढळते. १९८५ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने तिला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. असे संरक्षण नावाला मिळते, आणि नावाकडे जाणारी वाट प्रजातीवरून जाते.

नावाच्या व्युत्पत्तीवरून ओळख पटेल, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. लिनियसने १७५८ मध्ये युरोपातील एका पाणढेकणाला नेपा सिमिकॉइडीस म्हटले. 'नेपा' म्हणजे विंचू आणि 'सिमिकॉइडीस' म्हणजे ढेकणासारखा. जोफ्र्वाने १७६२ मध्ये योजलेल्या 'नॉकोरिस' या प्रजातिनामात ग्रीकमधील नौका व ढेकूण यांचा समास आहे. तोच कीटक पुढे त्या प्रजातीत गणला गेला, आणि आज तो इलिओकोरिस सिमिकॉइडीस म्हणून ओळखला जातो. प्रजातिनाम पालटले, जातिवाचक पद टिकले. लक्षणे ज्याची त्याच्याजवळच राहिली. नाव ही खूण आहे. वर्णनाचा भार लक्षणवाक्यानेच वाहिला पाहिजे.

मराठीत अशी सारणी रचणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. 'अंतर्वक्र', 'खोलगट' व 'खाचदार' हे शब्द आलटून पालटून वापरण्याचा मोह होईल. परंतु प्रत्येक नव्या शब्दागणिक वाचक नवे लक्षण शोधू लागेल. ललित लेखनात जी पुनरुक्ती दोष ठरते, ती सारणीत गुणच मानली पाहिजे.