अधिकरणाचा अर्थ

कायद्याची भाषा हाही समीक्षेचा विषय होय, असे आम्ही मानतो. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन सेनेने व्हिएतनामच्या अरण्यांवर वनस्पतिनाशके फवारली. त्यांपैकी 'एजंट ऑरेंज'मध्ये डायॉक्सिन हे विष होते. परतलेल्या सैनिकाने आपल्या व्याधीचे मूळ स्वतःच सिद्ध करावे, हा भार अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्याने हलका केला. 'व्हिएतनामात' सेवा केलेल्यास विशिष्ट व्याधी जडली, तर विषसंपर्क गृहीत धरावा, असे त्याने ठरविले. पुढे शासनाने त्या अधिकरणाचा अर्थ केवळ भूमी व अंतर्गत जलमार्ग असा लावून किनाऱ्यालगतच्या समुद्रातील नौसैनिकांस वगळले. २०१९ मध्ये प्रथम न्यायालयाने व मग नव्या कायद्याने समुद्रही त्या शब्दात आणला. तोवर कित्येकांचे आयुष्य सरले होते. असा अर्थसंकोच हा आमच्या मते व्याकरणाचा प्रमाद नव्हे. ती उत्तरदायित्वातून काढलेली पळवाट होय.