घामाचा पुरावा

देहबोलीवरचे कोणतेही व्याख्यान घ्या. पुण्यातल्या वातानुकूलित सभागृहातले असो की तालुक्याच्या वाचनालयाने भरवलेले, पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी हमखास येतात. पहिली, संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. दुसरी, १९६० साली अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची दूरचित्रवाणीवर जाहीर वादचर्चा झाली; ज्यांनी ती रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन जिंकले असे वाटले, ज्यांनी पडद्यावर पाहिली त्यांना केनेडी. सबब, काय बोलता यापेक्षा कसे दिसता हे महत्त्वाचे. श्रोते वहीत उतरवून घेतात. एकेकाळी मीही उतरवून घेतले होते.

पहिल्या गोष्टीचा निकाल चटकन लागतो. अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरनिराळ्या सुरांत उच्चारलेले सुटे शब्द आणि चेहऱ्यांची छायाचित्रे वापरली होती. शब्द, सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर बोलणाऱ्याच्या मनातली आवडनावड आपण कशावरून ताडतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ही टक्केवारी सरसकट साऱ्या संवादाला लावू नका, असे पुढे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितले. ते कोणी वहीत घेतले नाही.

दुसरी गोष्ट मात्र सहजासहजी सोडून देण्यासारखी नाही.

२६ सप्टेंबर १९६०. शिकागोतला सीबीएसचा स्टुडिओ, सूत्रसंचालक हॉवर्ड के. स्मिथ, नियंत्रणकक्षात दिग्दर्शक डॉन ह्यूइट. प्रेक्षक सुमारे ७ कोटी. (आपल्याकडे महाराष्ट्र राज्य होऊन पाच महिनेही झाले नव्हते, आणि मुंबईला दूरदर्शन यायला बारा वर्षे अवकाश होता.) निक्सन यांचा गुडघा ऑगस्टमध्ये मोटारीच्या दारावर आपटला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि ऐन प्रचारात त्यांना सुमारे दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. वजन उतरले, सदऱ्याची गळपट्टी सैल पडू लागली. त्यात स्टुडिओच्या दाराशी उतरताना तोच गुडघा पुन्हा आपटला. केनेडींनी रंगभूषा नाकारली, म्हणून निक्सन यांनीही नाकारली. दाढीची सावली झाकायला दुकानात मिळणारी पावडर तेवढी लावली. राखाडी पडद्यापुढे त्यांचा फिका राखाडी सूट विरघळून गेला आणि गडद सुटातले केनेडी कोरल्यासारखे उठून दिसले. दिव्यांच्या उष्णतेने निक्सन यांच्या हनुवटीवर आणि वरच्या ओठावर घाम आला. तो त्यांनी रुमालाने टिपला आणि टिपताना ते दिसले.

इथवरचे सारे खरे आहे. रेडिओच्या श्रोत्यांनी उलटा कौल दिला, हा पुढचा भाग कशावर उभा आहे? बव्हंशी एका पाहणीवर. फिलाडेल्फियाच्या सिंडलिंगर या बाजारपेठ-संशोधन संस्थेच्या त्या पाहणीत रेडिओचे श्रोते होते २८२, आणि त्यांतल्याही बऱ्याच जणांनी कोण जिंकले यावर मत दिलेले नव्हते. त्या काळी अमेरिकेतल्या दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी संच होता. मग त्या रात्री रेडिओ लावून बसले होते कोण? डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये नेमका हा प्रश्न विचारला. खेड्यापाड्यांतले, कॅथलिक उमेदवाराकडे संशयाने पाहणारे, आधीच निक्सन यांच्याकडे झुकलेले मतदार त्यात जास्त असतील, तर त्यांचा कौल कानाचा नसून मनात आधीपासून ठरलेला असणार. पाहणीने हे तपासलेले नव्हते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिडनी क्राउस यांनी १९९६ मध्ये सिंडलिंगरच्या पाहणीची बाजू घेतली. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी त्या चर्चेविषयी फारसे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एकाला केवळ आवाज ऐकवला, दुसऱ्याला चित्रासह दाखवले. पाहणाऱ्यांत केनेडींना विजयी मानणारे अधिक निघाले. चित्राचा परिणाम होतो, हे मला मान्यच आहे. माझी तक्रार अशी की ‘चित्राचा परिणाम होतो’ हे विधान केव्हा ‘चित्र खरे सांगते’ असे होऊन बसते, ते आपल्या ध्यानातही येत नाही. देहबोलीच्या व्याख्यानांचा सगळा डोलारा या दुसऱ्या विधानावर उभा असतो.

त्या चर्चेचे संपूर्ण मुद्रण आता कोणालाही पाहता येते. मी आधी मोबाइल पालथा ठेवून नुसता आवाज ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून नुसते चित्र पाहिले. निकाल मला आधीच ठाऊक होता, तेव्हा माझ्या कानांची साक्ष निर्मळ नाही, हे कबूल करतो. तरीही मी चकित झालो. निक्सन मला कानांनीच हरताना ऐकू आले. केनेडी पहिल्या आठ मिनिटांत लिंकनपासून सुरुवात करतात, आणि मग पोलाद कारखान्यांची निम्मी क्षमता पडून आहे इथपासून एकेक उणीव मोजत ‘मी समाधानी नाही’ हे पालुपद घोळवत नेतात. कीर्तनकाराला ध्रुपदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर निक्सन उठतात आणि म्हणतात काय, तर केनेडींच्या बोलण्यातले बरेचसे कोणालाही पटण्यासारखे आहे, आपला मतभेद ध्येयांविषयी नाही, मार्गांविषयी आहे. तमाशातल्या सवाल-जबाबात ज्याने समोरच्याचा सवालच मान्य केला त्याचे पुढे काय होते, हे आपल्याकडे शेवटच्या रांगेतला माणूसही सांगेल. पुढे पत्रकार सँडर व्हॅनोकर निक्सन यांना आयझेनहॉवर यांच्या उद्गाराची आठवण देतात. तुमच्या उपाध्यक्षांची एखादी महत्त्वाची कल्पना तुम्ही स्वीकारली आहे का, असे विचारल्यावर, आठवडाभर द्या, एखादी आठवेलही, असे अध्यक्ष महिन्याभरापूर्वी बोलून गेले होते. निक्सन ते थट्टेवारी नेऊ पाहतात. ही जखम शब्दांनी झालेली आहे. तिला रंगभूषा काय करणार?

मग आवाज बंद करून पाहिले. आता दिसली ती दुसऱ्या माणसाची, म्हणजे डॉन ह्यूइट यांची निवड. एक जण बोलत असताना ऐकणाऱ्याचा चेहरा केव्हा दाखवायचा आणि किती क्षण, हे नियंत्रणकक्षात ठरत होते. आपण जिला निक्सन यांची देहबोली म्हणतो, ती ह्यूइट यांनी वेचून दाखवलेली आहे. निक्सन यांनी रुमाल काढला त्या क्षणी कॅमेरा केनेडींवर असता, तर त्या रुमालाचा इतिहासात पत्ताही नसता.

आता घामाकडे येतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ऐन पंचविशीत एका नोकरीच्या मुलाखतीला मी एप्रिलच्या दुपारी दोन मैल चालत गेलो होतो. समोरच्या तिघांपैकी एकाने विचारले, ‘एवढे घाबरायला काय झाले?’ मी घाबरलेलो नव्हतो. पण ते ऐकल्यावर घाबरलो. नोकरी मिळाली नाही. त्या प्रश्नाने मात्र मला पुढे बऱ्याच वर्षांनी नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायापाशी नेले. माझे संस्कृत यथातथाच, र. पं. कंगले यांच्या ‘रस-भाव-विचार’सारखे ग्रंथ मराठीत आहेत म्हणून माझ्यासारख्याचा तिथे शिरकाव झाला.

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. निक्सन यांचा सूट आणि पावडर हे आहार्य. घाम आणि उतरलेला रंग मात्र आठ सात्त्विक भावांतले, स्वेद आणि वैवर्ण्य. सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उपजतात, म्हणून प्रेक्षक त्यांना आतल्या अवस्थेची खूण मानतो. हात हलवणे शिकता येते, घाम कसा आणणार, असा आपला हिशेब असतो. त्या रात्री घाम पाहून कोट्यवधी लोकांनी भय वाचले ते याच हिशेबाने. पण भरताने स्वेदाची कारणे दिली आहेत ती पाहा. क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख यांच्याच ओळीत श्रम येतो, रोग येतो आणि ताप, म्हणजे उष्णताही येते. वैवर्ण्याच्या कारणांतही रोग आहेच. निक्सन आजारातून उठलेले, थकलेले आणि प्रखर दिव्यांखाली उभे होते. भरताच्या यादीतली तीन कारणे समोर हजर असताना आपण चौथे, समोर नसलेले निवडले. कारण ते गोष्टीला सोयीचे होते.

रंगमंचावर ही अडचण येत नाही. तिथे घामाचे कारण नाटककाराने आधीच रचलेले असते. विभाव ठाऊक असतो, म्हणून अनुभाव वाचता येतो. स्टुडिओत विभाव कोणालाच दिसत नाही, दिसतो फक्त घाम. देहबोलीच्या तज्ज्ञांनी निम्मे नाट्यशास्त्र उचलले आणि निम्मे मागे ठेवले, असे माझे मत आहे.

आता केनेडींचा देह घ्या. टवटवीत, उन्हात रापलेला, ताठ. या माणसाला ॲडिसनचा आजार होता, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी. आयुष्यभर औषधावर राहणे भाग. पाठीचे दुखणे त्याहून जुने, शस्त्रक्रिया होऊनही न सुटलेले. १९६० च्या प्रचारात त्यांच्या गोटाने ॲडिसनचा आजार असल्याचे नाकारले होते. वैद्यकीय कागदपत्रे इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना पाहायला मिळाली ती २००२ मध्ये. या आजाराचे एक लक्षण म्हणजे त्वचेचा वर्ण गडद होणे. त्या रात्रीच्या रापलेल्या कांतीत कॅलिफोर्नियाच्या उन्हाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे कोणी सांगावे? बऱ्या होत आलेल्या गुडघ्याचा माणूस रोगी दिसला, आणि कधीच बरा न होणारा माणूस आरोग्याची मूर्ती. देह बोलला खरा, पण प्रकृतीविषयी बोलला ते उलटे. आणि या चर्चेतून आपण शिकवतो काय, तर देह खोटे बोलत नाही!

मग देह कधीच खरे सांगत नाही का? २७ जून २०२४ ची अटलांटातली बायडेन-ट्रम्प चर्चा मी हाच आक्षेप मनाशी घेऊन पाहिली. बायडेन यांचे वाक्य मधेच हरवत होते, आवाज बसलेला होता. चार आठवड्यांच्या आत, २१ जुलैला, ते स्पर्धेतून बाहेर पडले. तेव्हा माझा सिद्धान्त कोसळला की काय असे वाटले. मग चर्चेची लिखित प्रत काढून वाचली. हरवलेली वाक्ये तिथेही हरवलेलीच होती. त्या रात्री डोळे मिटून बसलेल्या माणसालाही तेच कळले असते जे पाहणाऱ्याला कळले. निक्सन यांच्या घामाचे तसे नाही. तो ऐकू येत नाही, छापील पानावरही येत नाही. त्याला फक्त बघणाऱ्याचा तर्क असतो.

पुष्कळदा हा तर्कही त्या रात्री होत नाही, नंतर पुरवला जातो. ३ ऑक्टोबर २००० रोजी बॉस्टनला बुश बोलत असताना अल गोर यांनी सोडलेले सुस्कारे ध्वनिक्षेपकात उमटले. त्या रात्रीच्या पाहण्यांत गोर मागे नव्हते. पुढच्या दिवसांत वाहिन्यांनी ते सुस्कारे एकापुढे एक जोडून दाखवले, विनोदी कार्यक्रमांनी नकला केल्या, आणि गोर गर्विष्ठ ठरले. केनेडी निवडून आले ते सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत १ लाख २० हजारांहूनही कमी मतांनी. इतक्या निसटत्या निकालाचे श्रेय कशालाही देता येते. पत्रकारांनी ते पडद्याला दिले, आणि खुद्द निक्सन यांनी ‘सिक्स क्रायसिस’ या १९६२ च्या पुस्तकात, आपण मुद्द्यांवर फार आणि दिसण्यावर कमी भर दिला, अशी कबुली देऊन त्यावर शिक्का मारला. हरलेल्या माणसाला ही कबुली किती सोयीची! मुद्दे माझेच बरोबर होते, चेहरा तेवढा चुकला.

१९६० नंतर अध्यक्षीय उमेदवारांची पुढची चर्चा झाली ती थेट १९७६ मध्ये. २३ सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्या वॉलनट स्ट्रीट नाट्यगृहात चर्चा संपत आली असताना ध्वनियंत्रणेतला एक किरकोळ भाग निकामी झाला. २७ मिनिटे फोर्ड आणि कार्टर आपापल्या उभ्या मेजामागे जवळजवळ न हलता, एकमेकांशी न बोलता थांबून राहिले. सात्त्विक भावांतला पहिला तो स्तंभ. पण भरताने दिलेल्या त्याच्या कारणांत ‘ध्वनियंत्रणेतला बिघाड’ नाही. शब्दांचे ७ टक्के वजा केल्यावर उरणारे ९३ टक्के कसे दिसतात, हे पाहायचे असेल त्याने ती २७ मिनिटे जरूर पाहावीत. काही म्हणता काही कळत नाही.

आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांना असे समोरासमोर उभे करण्याची प्रथा रुजली नाही. आपल्याला मिळाल्या त्या वाहिन्यांवरच्या चौकटी, आठ-नऊ चेहरे आणि एकाच वेळी चाललेला गलका, आणि आता मोबाइलवर आवाज बंद ठेवून पाहिले जाणारे दहा-वीस सेकंदांचे तुकडे. नेत्याचा हात कापला, नेता पायरीवर अडखळला, नेत्याने पाणी प्यायले. वर कोणीतरी अर्थ लिहून पाठवलेला असतोच.

या चौकटींचे मूळही त्याच मालिकेत सापडते. १३ ऑक्टोबर १९६० च्या तिसऱ्या फेरीत निक्सन लॉस एंजेलिसमध्ये होते आणि केनेडी न्यूयॉर्कमध्ये. मधे सारा देश पसरलेला, पण पडद्यावर दोघे शेजारीशेजारी. निक्सन यांची सर्वांत चांगली फेरी म्हणून पुष्कळ जण हीच सांगतात. समोर केनेडी नव्हते म्हणून, की आता रंगभूषा नीट होती म्हणून, की पहिल्या फेरीसारखे प्रतिपक्षाशी सहमत होत बसले नाहीत म्हणून, याबद्दल मला अजून काही ठरवता आलेले नाही. तिचे चित्र मी दोनदा पाहिले आहे. नुसता आवाज ऐकायचा राहिला आहे.