पंच्याऐंशी दिवसांचें सहवाचन

लिओ टॉल्स्टॉयची 'युद्ध आणि शांति' ही कादंबरी हौसेनें हातीं धरून मध्येंच खालीं ठेवणारे वाचक कांहीं थोडेथोडके नसतील. चार खंड, दोन भागांचा उपसंहार, ३६१ प्रकरणें आणि नांवें ध्यानांत ठेवतां ठेवतां जीव थकविणारा पात्रांचा मेळा! असा ग्रंथ घरांत कोंडलेल्या, भयानें ग्रासलेल्या माणसांनीं मिळून वाचावा ही कल्पना प्रथमदर्शनीं विक्षिप्तच वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं कोरोनाची सांथ जगव्यापी असल्याचें जाहीर केलें, आणि त्यानंतर अवघ्या सात दिवसांनीं ब्रुकलिन येथील 'ए पब्लिक स्पेस' या वाङ्मयीन नियतकालिकानें ही कल्पना प्रत्यक्षांत आणली. पुढाकार होता यियुन ली यांचा. या मूळच्या बीजिंगच्या, अमेरिकेंत राहून इंग्रजींत लिहिणाऱ्या कादंबरीकर्त्री; टॉल्स्टॉय त्यांच्या नित्य वाचनांतला. रोज बारा ते पंधरा पानें, म्हणजे सुमारें अर्धा तास वाचावें, आणि जें सुचेल तें त्या वेळीं ट्विटर या नांवानें चालणाऱ्या माध्यमावर चार ओळींत लिहावें, एवढाच काय तो नियम. त्या लेखनांतून निवडून काढलेलें 'टॉल्स्टॉय टुगेदर' हें पुस्तक २०२१ सालीं निघालें. आज तें परीक्षणास घेण्याचें कारण असें कीं, सांथ ओसरली तरी तिनें उभा केलेला प्रश्न आपल्या ग्रंथालयांपुढें अद्याप तसाच आहे.

मंडळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सतरंजी, अध्यक्ष आणि चहा येतो. या उपक्रमांत यांपैकीं कांहींच नव्हतें. तरीहि तो टिकला, याचें श्रेय आमच्या मतें त्या दैनंदिन पानांच्या नेमाला आहे. आपल्याकडे गुरुचरित्राच्या सप्ताहांत कोणत्या दिवशीं कोणत्या अध्यायापर्यंत जावयाचें हें ठरलेलें असतें. म्हणून एकमेकांस न पाहणारीं चार घरेंहि एकाच ओवीपाशीं थांबलेलीं असतात. तोच गुण येथें दिसतो. भेद इतकाच कीं, पारायणांत ग्रंथाला उलट प्रश्न करावयाचा नसतो, आणि येथें तर प्रश्न करण्यासाठींच सारे जमलेले होते.

ग्रंथाची निवडहि, योगायोगानें कां होईना, मार्मिक ठरली. १८०५ सालच्या जुलैमध्यें पीटर्सबर्गच्या एका उच्चभ्रू बैठकीनें कादंबरीस आरंभ होतो. आणि यजमानीण अ‍ॅना पाव्हलोव्हना तर कित्येक दिवस खोकत आहे! तिच्या दुखण्याचें फ्रेंच नांव त्या वेळीं नवें होतें व मोजकेच लोक तें वापरीत, असेंहि टॉल्स्टॉय मिस्किलपणें सांगून ठेवतो. फ्लू झालेल्या बाईनें माणसें जमवावीं व तीं खुशाल यावीं, हें २०२० च्या मार्चांत वाचणाऱ्याच्या अंगावर कांटा आला असल्यास नवल नाहीं. पण नेमका येथेंच धोका आहे. लढाई टाळणारा, मॉस्को सोडून देणारा, धीर व काळ यांवर भिस्त ठेवणारा म्हातारा कुतूझोव्ह म्हणजे आपल्याच घरबंद दिवसांचें रूपक, असें मानूं लागलें कीं कादंबरी संपली आणि आपली दैनंदिनी सुरू झाली. श्रीमती ली यांचीं टिपणें या मोहापासून बहुतांशीं दूर राहतात. एखादें विशेषण, एखाद्या पात्राची लहानशी हालचाल यांवर बोट ठेवून त्या पुढें जातात. पुस्तकाचा उत्तम भाग हाच.

उणीव आहे ती संवादाची. वाचकांचे उद्गार शेजारीं शेजारीं मांडले आहेत. परंतु एकानें दुसऱ्यास हटकलें आहे, त्यावर तिसरा चिडला आहे, असें क्वचितच आढळतें. २८० अक्षरांच्या मर्यादेंत कौतुक सहज मावतें. मतभेदाला मात्र जागा लागते. आणि जे मध्येंच गळाले त्यांचें काय? कोणी आळसानें मागें राहिला, कोणी तापानें, कोणाच्या घरीं मृत्यु आला असेल. संग्रहांत अर्थातच बोलणारेच उरतात. ग्रंथालयाच्या मंडळांत असें होऊं नये. कारण देवघेवीच्या टेबलापाशीं बसणाऱ्यास कोणता वर्गणीदार किती दिवसांत फिरकला नाहीं हें ठाऊक असतें.

दुसरीहि एक अडचण आहे. टॉल्स्टॉयवर आतां कोणाचा स्वामित्वहक्क नाहीं. जुनीं इंग्रजी भाषांतरें ज्याला त्याला फुकट मिळतात. आपल्या मंडळांनीं एखादी अलीकडची मराठी कादंबरी निवडली तर संग्रहीं तिच्या दोन प्रती, आणि त्याहि कुलुपांत! महाराष्ट्रांतील ग्रंथालयें उघडण्यास परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून; म्हणजे टाळेबंदीच्या आरंभापासून जवळजवळ सात महिने. १८४८ चें पुणें नगर वाचन मंदिर काय किंवा १८९८ चें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय काय, ग्रंथ आंत आणि वाचक बाहेर, हीच सर्वत्र स्थिति. शिवाय आपले पुष्कळ वर्गणीदार वयोवृद्ध. त्यांना लहानशा काचेच्या पडद्यावर बारीक अक्षर वाचवत नाहीं, मग त्यावर चार ओळी लिहिणें दूरच.

तेव्हां अमेरिकेंतील उपक्रमाचा नेम घ्यावा, साधन मात्र आपलें निवडावें, असें आम्हांस वाटतें. प्रत एकच असली तरी एकानें ती मोठ्यानें वाचावी व इतरांनीं ऐकावी, हा प्रघात आपल्या माजघरांत फार जुना आहे. पांच-सहा घरें एकाच वेळीं दूरध्वनीवर जोडतां येतात. रात्रीं साडेआठला अर्धा तास वाचन, मग दहा मिनिटें भांडण. आणि ज्याचा आवाज आला नाहीं त्याला दुसऱ्या दिवशीं सकाळीं ग्रंथपालानें स्वतः फोन करावा.