'दीर्घकालीन उपशम' : एका संज्ञेची चिकित्सा

ललित लेखनात 'दीर्घ' म्हणजे नेमके किती, असे कोणी विचारीत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र विशेषणालाच मापाचे काम करावे लागते. आणि ते माप निबंधागणिक बदलू लागले की संज्ञा एकच राहूनही तिचा अर्थ पालटतो. कंबरदुखीवरील एपिड्युरल इंजेक्शनांविषयीचे वाङ्मय हे याचे उत्तम उदाहरण होय.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत पाठीच्या तळाकडून औषध सोडण्याची रीत सिकार व कातलँ यांनी १९०१ साली पॅरिस येथे स्वतंत्रपणे वर्णिली. त्या वेळी औषध कोकेन होते. स्टेरॉइडांचा वापर १९५० नंतरचा. या उपचारावरील संशोधनाचा अब्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'पेन फिजिशियन' या नियतकालिकात आढावा घेतला. तळाकडून दिलेल्या इंजेक्शनाने अल्पकालीन उपशम मिळतो याला 'सबळ', तर दीर्घकालीन उपशम मिळतो याला 'मध्यम' पुरावा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तथापि या आढाव्यात अल्प व दीर्घ यांची सीमारेषा ६ आठवड्यांवर आखलेली आहे. उलट, कंबरेतून पायात उतरणाऱ्या, म्हणजे गृध्रसीच्या वेदनेवरील २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात १२ महिन्यांखालील काळास दीर्घ म्हटलेले नाही. दोन महिने बरे वाटलेला रुग्ण पहिल्या व्याख्येने दीर्घकालीन उपशमाचा धनी ठरतो, तर दुसरीने अल्पकालीन. अब्दी यांनी आपली व्याख्या उघडपणे नोंदविली आहे. तेव्हा त्यांच्यावर लपवाछपवीचा आरोप करता येणार नाही. दोष उद्भवतो तो निष्कर्ष व्याख्येपासून तुटून रुग्णाच्या कानी पडतो तेव्हा. सहा आठवड्यांना 'दीर्घ' म्हणण्याचा संकेत त्या रुग्णाला ठाऊक नसतो.

'उपशम' हा शब्दही असाच सैल आहे. कॉक्रेन आढाव्यात २५ चाचण्या व २,४७० रुग्ण समाविष्ट आहेत. त्यात अल्पकालात पायाच्या वेदनेत पडलेला सरासरी फरक १०० पैकी सुमारे ५ गुणांचा आहे. कॅरेट व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या चाचणीत गृध्रसीच्या १५८ रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइड, तर काहींना मिठाचे पाणी टोचले होते. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय अंतर उरले नाही, आणि शस्त्रक्रियेची गरजही कमी झाली नाही. या सर्वांस एकच शब्द लावणे युक्त नव्हे.

मराठीत 'उतार पडणे', 'गुण येणे' व 'बरे होणे' या तीन निराळ्या अवस्था आहेत, आणि सामान्य माणूस त्यांत गल्लत करीत नाही. वैद्यकीय माहितीपत्रके व संमतिपत्रे मराठीत आणणाऱ्यांनी हा भेद जपावा. 'दीर्घकालीन' या विशेषणाच्या जागी आठवड्यांचा वा महिन्यांचा आकडा लिहावा. कण्यात सुई घ्यावी की न घ्यावी, याचा निर्णय रुग्ण त्याच शब्दांच्या आधारे करीत असतो.